मागचेच आकडे

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून तिची बारा वर्षं गेली होती. डॉक्टर बारीक सळईने हिरडी किती खोल सुटलीय ते मोजायचे, दर दाताचे सहा आकडे सांगायचे आणि ती ते कॉम्प्युटरवर भरायची. बाहेर रांग वाढली की डॉक्टर म्हणायचे, "बाकीचं तू बघून घे गं." मग ती 'मागचेच आकडे घ्या' हे बटण दाबून मोकळी व्हायची. त्यामुळे कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

आज पोलीस आले. सोबत एका पेशंटची बायको होती. नवरा तीन आठवडे बेपत्ता. जळालेल्या गाडीत कुणीतरी सापडलं होतं आणि ओळख पटवायला फक्त दात उरले होते.

"त्या माणसाला खालची उजवी शेवटची दाढ नाहीये," पोलीस म्हणाले. "तुमच्या पेशंटला?"

डॉक्टर परगावी होते. तिनेच स्क्रीन वळवून दाखवला. गेल्या महिन्यातली भेट, आणि त्या दाढेसमोर सहाच्या सहा आकडे.

"दाढ नसती तर मोजली कशी असती? हा तो नव्हे." पोलिसांनी वही मिटली.

बायको रडत तिच्या गळ्यात पडली. "तुमच्या तोंडात साखर पडो, ताई! आता कितीही वर्षं लागू देत, मी वाट बघेन."

***

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ती दाढ उपटली, तेव्हा खाली ट्रे तिनेच धरला होता.