एक ताट जास्त

"बाई, तुमच्या वडिलांचं गाव कोणतं?"

म्हातारीनं गाव सांगितलं. बरोबर होतं.

"घर कुठे होतं?"

"नदी. नदीवर पूल. पुलाच्या..." ती अडली. "साहेब, अलीकडे का पलीकडे?"

"ते साहेबालाच विचारायचं नसतं," फिटर म्हणाला आणि वहीवर बोट ठेवून त्यानं परत वाचून दाखवलं. पुलाच्या पलीकडे, तिसरं घर.

सकाळपासूनची ही सातवी खेप. फिटर साहेब व्हायचा, म्हातारीनं उत्तरं द्यायची. खरी मुलाखत उद्या अकरा वाजता होती. नियम साधा होता. ज्याचा बाप त्या देशात जन्मला, त्यानं स्वतः समोर येऊन बोलायचं. मग त्याच्या मुलाबाळांना तिकडे कायमचं राहता येतं. नुसत्या नातवंडांचे अर्ज आल्या पावली परत.

फिटरच्या कारखान्याला कुलूप लागून आठ महिने झाले होते. पंचेचाळिशीच्या माणसाला इथे कोणी दारात उभं करत नव्हतं. तिकडे एक वर्कशॉप त्याला घ्यायला तयार होतं. आणि आईनं तर या तारखेची दोन वर्षं वाट बघितली होती. वडिलांचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं.

"भावंडं किती?"

"तीन."

"हां. तिथे गडबड नको." फिटर बायकोकडे बघून हसला. "आमच्या आईचा हिशेब म्हणजे. जेवायला माणसं चार आणि ताटं पाच. रोज. लहानपणी मी विचारायचो, आई, गणितात पास झाली होतीस ना?"

बायको हसली. म्हातारी हसली नाही. ती उठून सिंककडे निघाली, कपबश्या विसळायला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "आज तरी बसा."

"सवय जाते का?"

बायकोनं तिला हाताला धरून परत बसवलं आणि तिच्या तळहातांना क्रीम चोळलं. हात फार भेगाळले होते. मग तपकिरी स्वेटर घालून बघितला. बाह्या दोन बोटं लांब झाल्या. "वयानं माणूस आखडतंच," असं म्हणत बायकोनं बाह्या आत दुमडून टाके घातले.

चिमणी, त्यांची नऊ वर्षांची पोरगी, दारात येऊन उभी राहिली. स्वेटरकडे बघत राहिली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मागच्या महिन्यातल्या दवाखान्याच्या फेऱ्यांपासून ती घरात कोणाशी धड बोलत नव्हती.

"लहान आहे," बायको म्हणाली. "वेळ लागेल तिला."

शेवटी सही. वहीची चार पानं त्या एका सहीनं भरली. पाचव्या पानावर ती जमली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फिटरला मागच्या खुर्चीवर बसवलं. तोंड उघडायचं नाही, असं आधीच बजावलं. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला. ओळखपत्रावरचा फोटो बघितला. समोरचा चेहरा बघितला. परत फोटो.

"तीस वर्षांपूर्वीचा आहे," फिटर बोलून गेला.

"माझा पण ओळखू येत नाही," अधिकारी म्हणाला आणि पान उलटलं.

गाव विचारलं. नदी, पूल, पलीकडे तिसरं घर. म्हातारी न अडखळता बोलत होती. फिटर एकेक उत्तर मनातल्या मनात वहीशी ताडून बघत होता.

"तुम्ही भावंडं किती?"

"चार."

अधिकाऱ्यानं अर्ज जवळ ओढला.

"इथे तीन लिहिलीत."

"तीन इकडे आल्यावर झाली," म्हातारी म्हणाली. "चौथा सगळ्यात थोरला. तिकडेच झाला, तिकडेच गेला. महिन्याचा होता. वडील निघाले तेव्हा त्याला घरामागच्या मातीत ठेवून आले. त्याचं नाव कधी घरात काढलं नाही. फक्त ताटं मांडताना त्याचं एक मांडायचे. वडील गेले, मग मी मांडायला लागले."

वहीत यातलं एक अक्षर नव्हतं.

अधिकारी उठला. कपाटातून तिकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची जाडजूड फाइल काढली आणि उभ्यानंच चाळायला लागला. बोट खाली खाली सरकत गेलं. एका ठिकाणी थांबलं.

"मुलगा. वय एक महिना," तो हळू आवाजात म्हणाला. मग फाइल मिटली. "आजी, लोक इथे पाठ करून येतात. आम्हाला कळतं. पण हे असलं पाठ करून येत नाही. हे घरच्याच माणसाला माहीत असतं."

त्यानं शिक्का मारला. म्हातारीनं सही केली. पहिल्या झटक्यात जमली.

बाहेर आल्यावर फिटर जिन्याच्या पायरीवरच बसला. काम झालं होतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर ते पाचवं ताट होतं. भिंतीकडच्या बाजूला मांडलेलं, कोरं. उभ्या जन्मात त्यानं त्याची चेष्टा सोडून काही केलं नव्हतं.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी बसली.

"ते वहीत नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मग..." तो तिच्याकडे वळला.

म्हातारीनं स्वेटरची बटणं काढली. बाह्यांचे टाके दातांनी तोडले, स्वेटरची नीट घडी घातली, वरून एकदा हात फिरवला आणि घडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"आई होत्या तेव्हा मला रोज भांड्यांत एक कोरं ताट घासायला पडायचं, साहेब," ती म्हणाली. "म्हणून एकदा मी त्यांना विचारलं."