बंबवाल्या काकांची मंद गाडी

"पाय उचला, काका. अगदी पूर्ण उचला. आता दहा मिनिटं कशालाच हात लावायचा नाही."

काकांनी पेडलवरचा पाय उचलला आणि शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवले. इंजिन सुरू होतं. गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभी होती. शेजारच्या सीटवर ती लॅपटॉप घेऊन बसली होती. गॅरेजात तिला सगळे लॅपटॉपवालीच म्हणायचे. पाने फिरवणाऱ्या मेकॅनिकांना तिचं काम म्हणजे नुसती बोटं नाचवणं वाटायचं.

एसी बंद, पंखा बंद, दिवे बंद. बॅटरी बदलली की गाडीचा कॉम्प्युटर इंजिन सांभाळायचं शिकलेलं विसरतो, आणि त्याला पुन्हा शिकवताना विजेचा जादा भार टाकायचा नसतो. इथपर्यंत खरं होतं. काचा खाली करायच्या नाहीत आणि दार उघडायचं नाही, हे मात्र तिने पदरचं जोडलं होतं. पहिल्या मंगळवारी काका बॉनेट उघडून बघायला निघाले, तेव्हा घाईघाईत तोंडातून निघून गेलं. आज पाचवा मंगळवार. गाडीत नुसती भट्टी पेटली होती. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि बाहेर पडायची सोय तिने स्वतःच बंद करून ठेवली होती.

काकांनी चौतीस वर्षं आगीचा बंब चालवला होता. सव्वा महिन्यापूर्वी त्यांनी घराच्या फाटकाला गाडी घासली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा बॅटरी बदलायच्या निमित्ताने गाडी घेऊन तिच्याकडे आला.

"ताई, बाबांकडे किल्ली मागायची माझी छाती होत नाही," तो म्हणाला. "गाडीच एवढी मंद करून ठेवा, की कंटाळून तेच चालवायचं सोडतील."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा बेत होता. यातला साप कोण, एवढा विचार तिने तेव्हा केला नाही. म्हाताऱ्या माणसाचा मान राहतोय, मुलाची काळजी मिटतेय, मग वाईट काय? तिने कॉम्प्युटरमधली मांडणी बदलली. पेडल निम्मं दाबलं तर इंजिनाने पावच ऐकायचं.

पण काका कंटाळेनात. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "पोरी, अजून उचलत नाही गं गाडी." मग ती तोंड पाडून म्हणायची, "शिकली नाही वाटतं नीट, पुन्हा शिकवूया." आणि दोघं त्या भट्टीत बसायची. तिला स्वतःची लाज वाटायची. लाज वाटते म्हणून खोटं काही थांबत नव्हतं.

आज सकाळी मुलाचा फोन आला होता. "ताई, काही उपयोग होत नाही. आणखी मंद करा."

आणखी मंद म्हणजे चौक ओलांडताना मागून येणारा ट्रक काकांच्या डिकीत. हो म्हणावं तर जिवाशी खेळ. नाही म्हणावं तर तो दुसरा गॅरेजवाला शोधणार. काकांना सांगावं तर बापलेकांत कायमची तेढ. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये बंद काचांची गाडी.

"झाली का गं दहा मिनिटं?"

"काका," ती म्हणाली. "गाडी शिकत नाही असं काही नाही. मीच मंद केलीय. मुद्दाम. तुमच्या मुलाने सांगितलं म्हणून."

काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग तोच घडी उलटी करून तिच्यापुढे धरला.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आपोआप बिघडलेली गाडी रोज निराळी वागते. कधी थंडीत अडते, कधी चढावर. ही रोज तसूभरही फरक न करता सारखीच. म्हटलं, हे कुणीतरी बसवून दिलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या उकाड्यात दार बंद करून बसायचीस. तुझंच मन तुला खातंय हे दिसत होतं."

तिचे डोळे भरून आले. तिने लॅपटॉप पुढे ओढला. "मी आत्ता पूर्वीसारखी करते. दोन मिनिटांचं काम. पुन्हा तुमच्या मनासारखी उचलेल."

काकांनी तिचा हात धरला. म्हाताऱ्याच्या मुठीत अजून ताकद होती.

"नको. हात नको लावूस."

"अहो, पण का?"

"आज त्याला वाटतंय, बाबा कंटाळतील आणि आपण होऊन सोडतील. म्हणून तो थांबलाय. म्हणून मला मंगळवारी इथपर्यंत यायला मिळतं." काकांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि मान वळवून मागचा रस्ता दोनदा नीट पाहिला. "गाडी सुधारली, की तो छाती करून किल्ली मागेल. आणि मी त्याच्या घरात राहतो, पोरी."