सीटचा खटका

"गाडी तुमचीच ना?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"माझीच," गिऱ्हाईक तिसऱ्यांदा म्हणालं.

"आणि स्वतःच्या गाडीची सीट कुठून उघडते ते ठाऊक नाही?"

"नाही ना, वहिनी. म्हणून तर आलो."

काळी, बुटकी, मागून शेपूट छाटलेली मोटरसायकल गॅरेजच्या दारात उभी होती. सीट एकाच माणसापुरती, तपकिरी चामड्याची, मागच्या बाजूला कासवाच्या पाठीसारखी फुगलेली. किल्लीला भोक नाही की ओढायला खटका नाही. गिऱ्हाइकाला बाजूने ओढता येईल असा नवा खटका बसवून हवा होता. पण तो बसवायचा तर आधी सीट उघडायला हवी, आणि सीट तर तोंड शिवून बसलेली.

तिला काही हे पटेना. दुधाने पोळलेलं तोंड होतं तिचं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने नंबर न बघता एक गाडी दुरुस्तीला घेतली आणि ती निघाली चोरीची. सात महिने शटरला सील. सील काढताना चौकीतल्या साहेबांनी तिच्या देखत बजावलं होतं, "पुन्हा चोरीची गाडी सापडली तर हे कुलूप कायमचं." तेव्हापासून शिवणकाम गुंडाळून ती दारातच खुर्ची टाकून बसायची. नवरा गाड्या खोलून बघायचा, ती माणसं.

"कागद?"

गिऱ्हाइकाने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. सगळे कागद होते, क्रमाने लावलेले. तिचा संशय आणखीनच बळावला. खऱ्या मालकाचे कागद कधी इतके नीट असतात का? खरा मालक धुतलेल्या पँटच्या खिशातून लगदा काढतो.

"यात रंग लाल लिहिलाय."

"मिळाली तेव्हा काळीच होती."

तिने टॉर्च घेतला, हँडलखालचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि चॅसिसचा नंबर स्वतः वाचला. आकडा न् आकडा जुळला. तिला जरा वाईटच वाटलं.

नवरा मात्र मागे खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होता. एरवी अशी नटवलेली गाडी आली की त्याला भूक-तहान आठवायची नाही. चारी बाजूंनी फिरून यायचा, हात फिरवायचा. आज त्याने लांबूनच एक नजर टाकली आणि म्हणाला, "आपल्याकडे नाही व्हायचं हे. दुसरीकडे दाखवा."

"अहो, न व्हायला काय झालं?" ती म्हणाली. भित्रा माणूस. सील लागल्यापासून तर पोलिसाची शिट्टी ऐकली तरी याच्या हातातला पाना गळून पडायचा.

"मिस्त्री इथे एकटेच?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"दोघं आहोत. ते हात, मी डोळे."

गिऱ्हाईक हसलं नाही. ते गाडीकडेही बघत नव्हतं. ते नवऱ्याच्या हातांकडे बघत होतं, हातातल्या पान्यापक्कडीकडे. म्हणजे हत्यारांवर डोळा आहे तर, तिने मनात नोंद केली.

"सीटखाली काय आहे?"

"मलाही माहीत नाही."

"असल्या चोरजागा लोक पुण्यकर्मासाठी करत नाहीत, भाऊ. चौकीला फोन लावू?"

"लावा ना."

"नको!" मागून नवरा ओरडला. दोघांनीही वळून पाहिलं. "म्हणजे... उगाच कामाचा खोळंबा."

तिने फोन खाली ठेवला. 'लावा ना' म्हणणारा चोर तिने आजवर पाहिला नव्हता. मुरलेला दिसतोय, लोणच्यासारखा.

शेवटी नवरा उकिडवा बसला. मडगार्डखाली ठोकून पाहिलं, फटीत तार घालून फिरवली, बाहेर काढली, पुन्हा घातली. वीस मिनिटांनी त्याने हात झटकले.

"नाही उघडत. मागचं सगळं खोलावं लागेल. दोन दिवस ठेवून जा."

तिला लाज वाटली. फोनवर इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा हा माणूस, आणि एका सीटपुढे हात टेकतो?

"दोन दिवस? दोन तास नाही ठेवणार मी ही गाडी," ती म्हणाली. "सीटखाली जे असेल ते आत्ता, माझ्यासमोर बाहेर येऊ दे. उघडत नसेल तर तोडा!"

"तोडूया," गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं. "सीट गेली तरी चालेल मला."

त्याने फळीवरची टायर काढायची लोखंडी पट्टी उचलली आणि तिचं टोक सीटच्या कडेला, शिवणीत घातलं. शिवण सुरेख होती. दुहेरी दोऱ्याचा बारीक टाका, मुंग्यांची रांग चालावी तसा सरळ. पट्टीवर जोर पडला. चामडं ताणलं. एक टाका तुटला.

"अरे, थांब! फाटेल!" नवरा धावत आला. "असा टाका पुन्हा बसत नाही, बाबा!"

त्याने पट्टी बाजूला ढकलली. डाव्या तळव्याने सीटचं पुढचं नाक दाबलं, उजव्या हाताची दोन बोटं मागच्या दिव्याखाली सरकवली आणि ओढलं.

खट्.

सीट आपोआप, जांभई दिल्यासारखी, वर आली.

ती पहिली वाकली. बॅटरी, दोन वायरी आणि धूळ. बाकी काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ छाती फुगली.

"बघितलंत?" ती गिऱ्हाइकाकडे वळली. "यांच्या हाताला काही म्हणजे काही अवघड नाही!"

गिऱ्हाईक सीटखाली बघतच नव्हतं. त्याने पट्टी हळूच फळीवर होती तिथे ठेवली.

"नऊ गॅरेजं फिरलो, वहिनी," तो म्हणाला. "एकालाही उघडता आली नाही. चोरीला गेली तेव्हा हिला साधी सीट होती."