ओल्या पायांची झोप

‘हे नाव आधीच कोणीतरी घेतले आहे,’ असं स्क्रीनवर उमटलं आणि थोरलीचं डोकं फिरलं.

शब्दकोड्यांच्या साइटवर खेळायला टोपणनाव लागत होतं. तिने हौसेने लिहिलं होतं, ‘ओल्या पायांची झोप’. ‘झोप आली होडीतून, पाय तिचे ओले’ ही आईच्या अंगाईतली ओळ. अंगाई आईनेच रचलेली. ती कुठे छापलेली नाही, घराबाहेर कोणी ऐकलेली नाही. माझ्यासाठी रचली, तुझ्या वाट्याला उरलीसुरली आली, असं थोरली भावाला अजूनही चिडवायची. मग हे नाव परक्याला सुचेलच कसं?

संशय आधी भावावर गेला. तिने तडक फोन लावला. तो हसत सुटला. मला माझा पासवर्ड आठवत नाही, मी कसली नावं घेतोय, म्हणाला. मग पाळी भावजयीची. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, घरातलं सगळं नेटवर टाकायची तिला खोड. भावजयीने कानांवर हात ठेवले. थोरलीला ते नाटक वाटलं. ती नको ते बोलून गेली आणि भावजयीने फोन बंद केला.

आई समोरच जुन्या शर्टांची बटणं कापून काढत होती. दुसरं नाव घे, जाऊ दे, एवढंच ती म्हणाली. पण थोरली हट्टाला पेटली होती. आईची ती एकच गोष्ट तिची स्वतःची म्हणून होती, त्या गोष्टीवर कोणी डल्ला मारलेला तिला सोसेना. तिने त्या नावालाच निरोप धाडला, की हे गाणं माझ्या आईचं आहे, तुम्ही कुठून उचललंत?

उत्तर लगेच आलं. थोरलीने ते नाक मुरडत मोठ्याने वाचलं.

"माझी आई म्हणायची हे. मी शाळेत जायच्या आधीच ती घर सोडून गेली. आता माझी साठी आली, पण तेवढी ओळ राहिलीय."

"बघ, कशा थापा मारतोय," थोरली म्हणाली. "अगं, मीच पन्नाशीची. माझ्याआधी हे गाणं होतं तरी का?"

आईने कात्री कधीच खाली ठेवली होती. थोरलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"त्याला विचार," आई म्हणाली, "जेवलास का."