ओळीच्या टोकाचे गुलाब

"याला व्हिनेगरचा वास येतोय, बाबा," सून पुन्हा म्हणाली.

सासऱ्यांनी पेला परत नाकाशी नेला, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला. "पिंप उत्तम आहे. तुझंच नाक बिघडलंय."

या पिंपातली वाइन आज मोठ्या टाकीत सोडायची होती. टाकीत वर्षाचं सगळं पीक होतं. पिंप चांगलं असेल तर वाइनला बहार येणार होती. बिघडलेलं असेल तर हळूहळू अख्ख्या टाकीचं व्हिनेगर होणार होतं. एकदा मिसळलं की वेगळं करायची सोय नाही.

त्यातून हे पहिलंच सेंद्रिय पीक. फवारण्या बंद करायचा हट्ट सुनेचा. सासरे आधी कुरकुरले, मग मात्र "सुनेनं मला म्हातारपणी शहाणं केलं" असं गावभर सांगत हिंडले. टाकी बिघडली तर लोक पिंपाला नव्हे, तिच्या हट्टाला बोल लावणार होते.

"बाहेरच्या कुणाला तरी दाखवू या का?"

"माझ्या तळघरात बाहेरचं नाक?" सासऱ्यांनी पेला जरा जोरातच खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "पंपाची किल्ली मीच तुझ्या हातात दिलीये. तू नाही म्हणालीस तर नाही. पण खात्रीनं सांग."

खात्री कुठून आणायची? हिवाळ्यात तापाच्या साथीनं अख्खं घर आडवं झालं होतं. कितीतरी दिवस सुनेला कॉफी आणि कोमट पाणी सारखंच लागत होतं. मग वास परत आले. पण सगळे आले की काही वाटेत राहिले? व्हिनेगर पिंपात होतं की तिच्या डोक्यात? सासऱ्यांचं तसं नव्हतं. ते तापातून उठले ते थेट तळघरात गेले होते, आणि वाइनचा वास कसा घ्यायचा हे तिला शिकवलं होतं तेही त्यांनीच.

नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला वाइन आणि सरबत यांतला फरक पेल्यावरून कळायचा.

दोघं वर आली. सासूबाई करपलेलं पातेलं घासत होत्या. टेबलभर नव्या पडद्यांच्या कापडाची कात्रणं पडली होती.

"सकाळी शेजारी बसून पेपर वाचत होते," त्यांनी सुनेकडे तक्रार केली. "दूध करपून घरभर वास, आणि हे ढिम्म!"

"बातमीच तशी होती," सासरे टोपी घालत म्हणाले.

"बरं, पाहुण्यांना फुलांना हात लावू देऊ नका. मी पाटी लावलीये."

बाग बघायला आलेली मंडळी फाटकाशी जमली होती. सुनेनं त्यांना वेलींमधून फिरवलं, ओळींमध्ये मुद्दाम वाढवलेलं गवत दाखवलं, आणि एका ओळीच्या टोकाला थांबली.

"प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाब आहे. भुरी नावाचा रोग आधी गुलाबावर येतो, मग वेलींवर. गुलाब आमचा पहारेकरी."

बोलता बोलता तिचीच नजर झुडपावर अडकली. गेल्या आठवड्यात कळ्यांवर भुरीची पांढरी पूड दिसली होती. "औषध मारायचं नाही ना? मग गुलाबांचं मी बघते," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आणि आज फुलांवर डाग म्हणून नव्हता. सासूबाईंच्या हाताला यश आहे, असं तिला वाटलं. शेजारच्या लव्हेंडरवर मधमाश्या नुसत्या तुटून पडल्या होत्या.

सासऱ्यांनी फांदी धरून गुलाबाचा वास घेतला. "आधी लिंबाची साल. मग मागून मध. वाइन ओळखायची तर आधी गुलाब ओळखावा."

पाहुणे एकेक करून वाकले.

"मध! अगदी मध!" टोपीवाल्या बाई म्हणाल्या.

"मला बुवा काहीच येत नाही," त्यांचा नवरा पुटपुटला.

"तुम्हाला घरात गॅस सुटला तरी येत नाही!"

सगळे हसले. सून शेवटी वाकली. तिनं डोळे मिटले.

काहीच नाही. तिनं पुन्हा श्वास घेतला. लव्हेंडरचा वास येत होता, तापलेल्या मातीचा येत होता. नाकासमोरच्या गुलाबाचा तेवढा येत नव्हता. म्हणजे नसलेले वास येतात आणि असलेले येत नाहीत. आपल्याला आता तळघरात जागा नाही, हे तिला कळलं आणि रडूच आलं.

पाहुणे पुढे गेल्यावर तिनं खिशातून किल्ली काढली. "बाबा, तुमचंच बरोबर. सोडा टाकीत."

किल्ली घेताना सासरे जरा घुटमळले. "नक्की?"

"नक्की."

"येईल तुझं नाक परत," ते म्हणाले. "तोवर मी आहे ना."

उन्हं उतरल्यावर ती पुन्हा त्या ओळीशी आली. तळघरातून पंपाची घरघर येत होती. सासूबाई टोपली घेऊन गुलाबाशी बसल्या होत्या. एका फुलाच्या देठाला गुंडाळलेली तार सोडवून त्यांनी ते टोपलीत टाकलं. मग दुसरं.

"आई, हे काय?"

"हळू बोल! ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील." सासूबाई हसल्या. "भुरी आलेल्या कळ्या सगळ्या छाटाव्या लागल्या. मग पाहुण्यांना काय काटे दाखवायचे? पडद्यांचं कापड उरलंच होतं."

तळघरातला पंप थांबला.

सासूबाईंनी शेवटच्या फुलावरची धूळ झटकली. "लांबून अगदी खरी दिसत होती. कुणी वास घ्यायला वाकलं नाही ना?"