येते

अजेयचा निळा कप ईशानी कामाला येणाऱ्या सुनंदालाही विसळू देत नसे.

"माज्या हातानं झिजतो काय गं ताई?" सुनंदा हसायची. ईशानी हसायची नाही.

पळसदरीच्या धरणाकाठी उगवणाऱ्या नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, अजेयची वेबसाइट होती. तिच्यावरचं खाजगीपणाचं पान ईशानीनेच लिहून दिलं होतं : 'पाहुण्यांचं नाव-गाव आम्ही विचारत नाही आणि ठेवतही नाही. आत्ता आत किती जण आहेत, एवढा आकडा फक्त दिसतो.'

रोज दुपारी चारला आकडा एक व्हायचा. पाऊण तासाने अभिप्रायाच्या चौकटीत एकच शब्द उमटायचा. 'येते.'

"कोण ही?"

"मला काय ठाऊक? विचारायचं नाही, हा नियम तुझाच."

"पण येते म्हणजे कुठे येते?"

"अगं, निघताना बायका येतेच म्हणतात. जाते असं कोण म्हणतं?"

बोलताना त्याचा आवाज मऊ झाला होता. ईशानीला तो ओळखू आला. लग्नाआधी तो तिच्याशी असा बोलायचा.

रविवारी सुनंदाची सुट्टी होती आणि अजेय खालापूरला गेला होता. ईशानीने दाराला आतून कडी लावली आणि चारला ती त्याच्या संगणकासमोर बसली. आकडा एक झाला. तिने स्वतःचा नियम मोडला आणि लिहिलं, 'कोण गं तू? लपून काय येतेस? समोर ये.'

आकडा लगेच शून्य झाला. गेली एकदाची, असं वाटून ईशानीने श्वास सोडला.

मग चौकटीत नवा शब्द उमटला.

'आले.'

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. कुणीतरी सावकाश एक कप विसळत होतं.