दुसरी बाई

"मग असं करतो," पाळक धर्मराज म्हणाले, "पोरीला हैदराबादच्या बोर्डिंगात पाठवतो. दोघींपैकी कोणालाच देत नाही."

जालन्याच्या ख्रिस्ती देवळाच्या ओसरीवर दोन बाया बसल्या होत्या. दुपार कलली होती. दोघींच्या मधे चार वर्षांची रूथ चिंचोके मांडत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं.

एक होती तुळजाबाई. मिशनच्या दवाखान्यात आया. रझाकारांच्या वेळच्या पळापळीत एका गाडीवानाला वाटूरच्या फाट्याजवळ वर्षाची पोर सापडली. त्यानं ती दवाखान्यात आणून टाकली. तुळजाबाई विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तिनं पोर पदरात घेतली, देवळात तिचं नाव रूथ ठेवलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

दुसरी होती गोपिकाबाई. जाफराबादकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्याच साली त्यांचा कळप वाटूरच्या रानात उतरला होता. पळापळीत तिची वर्षाची लेक हातातून सुटली. आता कुणाकडून तरी कळलं म्हणून ती दोन दिवस चालत आली होती. सकाळपासून ती एकच वाक्य म्हणत होती, "माझी हाय. द्या."

पुरावा काहीच नव्हता. याआधीही तीन बाया अशाच येऊन गेल्या होत्या. कोण खरं, कोण खोटं, हे धर्मराजांना सांगता येईना. मग त्यांना बायबलातला शलमोन राजा आठवला. दोन बाया, एक जिवंत मूल, आणि मूल कापून अर्धं अर्धं वाटा म्हणणारा राजा. खरी आई असेल ती मूल सोडून देईल. या गोष्टीवर त्यांनी वीस वर्षं उपदेश केला होता. त्यांच्याकडं तलवार नव्हती. म्हणून त्यांनी बोर्डिंग पुढं केलं. पाठवायचं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं.

तुळजाबाईचा चेहरा उतरला.

"नका पाठवू, पाळकसाहेब," ती म्हणाली. "तिथं आजारी पडली तर रात्री कोन उठंल? त्यापेक्षा या बाईला द्या. आईपाशी तरी राहील."

धर्मराज गडबडले. परीक्षा गोपिकाबाईची होती. उत्तर तुळजाबाईनं दिलं होतं. शास्त्राप्रमाणं पाहिलं तर हीच आई ठरत होती, आणि हिनं पोरीला जन्म दिला नाही हे तर सगळ्या जालन्याला माहीत होतं.

त्यांनी गोपिकाबाईकडं पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

"पाठवा," ती म्हणाली. "मला बी नको, हिला बी नको. बराबर हाय तुमचं."

शास्त्रातली लबाड बाई अगदी हेच बोलली होती. उलगडा झाला होता. धर्मराजांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. समोरच्या बाईचा चेहरा लबाडाचा नव्हता.

"गोपिकाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ही तुमची लेक आहे का?"

तिनं ओसरीवरचा एक चिंचोका उचलून रूथपुढं ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "माझीच्या डाव्या कानामागं मस व्हता. मी आल्या आल्या पाह्यलं. हिला न्हाई."

"मग सकाळपासून मागताय कशाला?"

"दोन दिवस चालून आल्ते, साहेब. रिकामी गेले की समदे म्हन्नार, मेली असंल, सोड आता. म्हन्लं, हिलाच नेते. कोन बघतंय कानामागं." तिनं तुळजाबाईकडं बोट केलं. "मंग ही इतक्या सहज द्या म्हन्ली. मला माझी घावंना, अन् हिला देऊन टाकायला काय वाटंना. म्हन्लं, हिला बी कळू दे रिकामं घर कसं असतंय."

तुळजाबाईनं रूथला ओढून मांडीवर घेतलं. चिंचोके सांडले. ती रागानं गोपिकाबाईकडं पाहत होती. आता ही काहीतरी बोलेल, असं धर्मराजांना वाटलं. लबाडीबद्दल चार शब्द सुनवायचं त्यांच्याही तोंडाशी आलं होतं. पण मधेच त्यांना गोष्टीची सुरुवात आठवली. उपदेश करताना ती ओळ ते नेहमी भरभर वाचून पुढं जायचे. त्या दुसऱ्या, लबाड बाईचं स्वतःचं मूल निवाड्याआधी एका रात्री मेलं होतं. राजानं निवाडा केला, सगळ्या राज्यानं वाहवा केली. त्या बाईला कोणी काही विचारलं नाही.

तुळजाबाईनं सांडलेले चिंचोके गोळा करून रूथच्या मुठीत दिले. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मग विचारलं, "नाव काय तिचं?"

"कोनाचं?"

"तुमच्या लेकीचं."

गोपिकाबाईनं एकदम वर पाहिलं. "सखू," ती म्हणाली. आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तुळजाबाई पोरीला घेऊन तिच्या शेजारी सरकली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "सखूसाठी प्रार्थना करा. जिथं असंल तिथं."

धर्मराजांनी डोळे मिटले. त्यांनी सखूसाठी प्रार्थना केली. 'आमेन' म्हणायच्या आधी ते अडखळले. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची त्यांच्या मंडळीत रीत नव्हती. तरी त्यांनी आणखी एका लेकरासाठी प्रार्थना केली. ते तीन हजार वर्षांपूर्वी एका रात्री आईच्या कुशीत मेलं होतं, आणि त्याचं नाव शास्त्रात कुठंच लिहिलेलं नव्हतं.